आयडलला खडखड, एसी लावला की जास्त. टायमिंग चेन की क्रँक पुली?

सातारी_कंदी

मंडळी, गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, चार सिलिंडर, रनिंग १ लाख ४० हजारांच्या पुढे. गेल्या काही आठवड्यांपासून ड्रायव्हर बाजूच्या चाकाकडून खडखड येतेय. इंजिन गरम झाल्यावर, न्यूट्रलला उभी असताना सगळ्यात जास्त. जरा रेस दिली की आवाज विरतो, एसी लावला की पुन्हा चढतो. मध्यंतरी डायनामो-एसी फिरवणारा पट्टा एका कडेने कुरतडलेला दिसला म्हणून नवीन टाकला, तर तोही आता दोरे सोडायला लागलाय. घाटात एकदा बॅटरीचा दिवा क्षणभर लागून विझला.

एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून कान दिला आणि निकाल सांगितला, "चेन गेली. किट टाकावं लागेल." आकडा पंचवीस हजारांच्या घरात. दुसरा म्हणतो फाउंडेशन (इंजिनाचे रबरी आधार) बदला, इंजिन हलतंय. मला दोन्ही पटेना. त्यात चिपळूणला जाणं तोंडावर आलंय, म्हणजे कुंभार्ली आला. घरच्या घरी काय बघता येईल? आणि गाडी न्यावी का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाचनमात्र

वाचतोय. आमच्या सोसायटीत अशाच आवाजावर एकाचा डायनामो बदलून झाला, टेन्शनर बदलून झाला, आवाज अजून तिथेच आहे.

तेलकट_हात

चेन किटला इतक्यात हो म्हणू नका. आधी हे सांगा: सकाळी थंड इंजिनाला सेल्फ मारल्यावर सुरुवातीचे दोन-चार सेकंद खडखडून मग गप्प होतं का? स्टिअरिंग हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक? आणि त्या बाजूच्या चाकाच्या आतलं जे प्लास्टिकचं लायनर आहे, त्यावर काळी पूड उडालीय का?

सातारी_कंदी

थंड असताना उलट शांत असते. स्टिअरिंग इलेक्ट्रिक. पूड आहे, बोटाला काजळीसारखी लागते. शिवाय पुलीच्या मागच्या बाजूला तेलाचा ओलसर डाग आहे, त्यावर धूळ बसून थर झालाय.

तेलकट_हात

मग माझा संशय क्रँक पुलीवर.

सैल टायमिंग चेनचा (क्रँक आणि कॅम एका तालात ठेवणारी साखळी) आवाज बहुतेक वेळा थंड स्टार्टला येतो. चेनचा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो, तो दाब चढेपर्यंत चेन आत आपटते. तुमचं बरोबर उलटं चाललंय. आणि एसी चालू आहे की बंद, याच्याशी चेनला फारसं देणंघेणं नसतं. एसीने आवाज चढतो म्हणजे चोर पट्ट्याच्या वाटेवर आहे. क्रँक पुली, डायनामो, कॉम्प्रेसर, वॉटर पंप, टेन्शनर, आयडलर, यांच्यापैकीच कोणीतरी. फाउंडेशन गेलं असतं तर सीट आणि स्टिअरिंग हादरलं असतं, गिअर टाकताना धक्का बसला असता. पट्टा कुरतडला गेला नसता.

पुली म्हणजे एकसंध लोखंडी चाक, असंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. तुमच्यासारख्या डिझेलमध्ये तसं नसतं. आतला हब क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, बोल्टने आवळलेला, बाहेर खोबण्यांचं जड कडं, आणि दोघांच्या मध्ये दाबून बसवलेली रबराची रिंग. कड्याला हबशी धरून ठेवणारं त्या रबराखेरीज दुसरं काही नाही. उष्णतेने आणि वयाने ते कडक होऊन तडकतं. पुढच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल तर फुगून मऊ पडतं. मग कडं हबवरून सरकायला लागतं, डुलायला लागतं, पट्टा वाकडा धावतो. अशा पुलीवर कितीही पट्टे बदला, ती खातच राहणार. तुमचा तो तेलाचा डाग मला अजिबात आवडलेला नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद, किल्ली खिशात, मागच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा). पुढची बाजू उचलून चाक काढा, पण गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड हवाच. लायनरच्या क्लिपा काढल्या की पुली समोर दिसते. तिचं तोंड कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि पांढऱ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा: हबवर सुरू करून, रबर ओलांडून, बाहेरच्या कड्यापर्यंत. नेलपॉलिशही चालतं. वाळू द्या, सगळं परत बसवा, एसी लावून गावातल्या गावात फिरवा आणि पुन्हा बघा. रेघ मध्ये तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर पुढे काही सिद्ध करायचं उरत नाही.

ओळ सरळच राहिली तर मोबाईल काढा. स्लो मोशन, २४० फ्रेमवाला. आयडल ८०० आरपीएम धरलं तर पुली सेकंदाला १३ च्या वर फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीची १८ चित्रं मिळतात. डोळ्याला न दिसणारं डुलणं त्यात दिसतं. कडं बघताना एक नजर मधल्या बोल्टच्या डोक्यावर ठेवा. बोल्ट जागच्या जागी फिरतोय आणि कडं आत-बाहेर डुलतंय, तर रबर गेलं. बोल्टसकट हबही डुलत असेल तर बोल्ट सैल आहे किंवा चावीची (हबला क्रँकवर घसरू न देणाऱ्या लोखंडी पट्टीची) खाच खाल्ली गेलीय, म्हणजे दुखणं क्रँकच्या नाकापर्यंत पोचलंय. तसं दिसलं तर गाडी जागेवरून हलवू नका, टो करून न्या.

मोबाईल लांबून धरा. सैल बाही, ओढणी, गळ्यातली चेन, काहीही फिरत्या पट्ट्याजवळ नको. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून आवाज शोधायची युक्ती डायनामोच्या बॉडीवर ठीक आहे, पुलीपाशी नाही.

शंकेखोर

एवढं सगळं करण्यापेक्षा पट्टा काढून इंजिन चालवलं तर लगेच कळेल ना? आमचा मिस्त्री तेच करतो.

तेलकट_हात

मीही करतो. पण त्यातून काय निष्कर्ष काढायचा, तिथे लोक घसरतात. पट्टा काढल्यावर आवाज तसाच राहिला तर डायनामो, कॉम्प्रेसर, टेन्शनर हे सगळे निर्दोष सुटले. उरली पुली आणि इंजिनाचं पोट. आवाज गेला, तर मात्र पुली निर्दोष असं समजायचं नाही. अर्धवट सुटलेल्या कड्यावर पट्ट्याची ओढ नसली की तेही गप्प बसतं. म्हणून मी रेघेला जास्त मानतो.

पट्टा काढलाच आहे तर बाकीच्या पुल्या हाताने फिरवून घ्या. टेन्शनरचं बेअरिंग खरखरतंय का, वॉटर पंपाच्या पुलीत प्ले आहे का. बऱ्याच डिझेल गाड्यांत डायनामोला एकाच दिशेने पकडणारी क्लच पुली असते. ती जाम झाली तर टेन्शनर नाचतो, पट्टा फडफडतो, आणि आवाज असाच येतो. सोसायटीतल्या त्या गृहस्थांचा डायनामो बहुधा याच वाटेने बळी गेला.

पट्ट्याशिवाय इंजिन अर्धा मिनिट चालवा, जास्त नाही. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तोही उभा असतो. बॅटरीचा दिवा लागेल, त्याला घाबरू नका.

चाकण_एनव्हीएच

कंपन आणि आवाज याच खात्यात नोकरी करतो, म्हणून राहवलं नाही.

ते रबर पट्ट्यासाठी नाहीच, ते क्रँकसाठी आहे. चार सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो. २००० आरपीएमला सेकंदाला ६६-६७ धक्के. आपल्याला क्रँक म्हणजे अभेद्य पोलाद वाटतं, पण प्रत्येक धक्क्याला तो ओलं फडकं पिळावं तसा किंचित पिळला जातो आणि परत उलगडतो. अंशाचा काही भाग, एवढंच. पण काही ठराविक वेगांना हे धक्के क्रँकच्या स्वतःच्या कंपनाच्या लयीशी जुळतात आणि पीळ वाढत जातो. बाहेरच्या कड्याचं वजन आणि रबराचा कडकपणा यांची जोडी नेमकी त्या लयीसाठी बेतलेली असते, तिलाच डँपर म्हणतात. क्रँक एकीकडे पिळला की कडं उलट्या बाजूला ओढतं, आणि मधलं रबर ती ऊर्जा उष्णतेत घालवतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सहा सिलिंडरची लांबलचक क्रँकशाफ्ट आली तेव्हा हे दुखणं मोटारींत ठळकपणे पुढे आलं. त्यावर डँपरचा उतारा शोधणाऱ्यांत ब्रिटनचे फ्रेडरिक लँचेस्टर यांचं नाव आघाडीवर आहे. डिझेलमध्ये सिलिंडरमधला दाब जास्त, धक्का जास्त, म्हणून तिथे याची गरजही जास्त.

आता धागाकर्त्यांच्या कामाचं. आयडलला ऐकू येते ती सुटलेल्या कड्याची खडखड. क्रँकला खरा त्रास होतो तो वरच्या आरपीएमला, आणि तो कानाला कळतोच असं नाही. तेव्हा रेस दिल्यावर आवाज जातो म्हणून निश्चिंत होऊ नका.

उद्यमनगरकर

एवढा कशाला बाऊ करताय? आमच्या हितं कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, कडं आणि हब तीन जागी वेल्डिंगचे टाके मारून जोडून देत्यात. लेथवर चढवून आऊट (डुलणं) काढला की झालं काम. माझ्या मामाच्या पिकअपला तसंच केलंय, लय भारी पळतीय. आवाज बंद, पट्टा बी टिकला.

चाकण_एनव्हीएच

उद्यमनगरच्या लेथवाल्यांच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी बनवलेले सुटे भाग आमच्याकडेही येतात. पण टाका मारला त्या क्षणी डँपर संपला. पुली सरळ फिरेल, पट्टा टिकेल, आवाज जाईल, म्हणजे मालकाला दुरुस्त झाल्यासारखं वाटणारं सगळं होईल. फक्त क्रँकचा पीळ रोखणारं कोणी राहणार नाही. क्रँक त्या दिवशी तुटत नाही. जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कोपऱ्यातल्या गोलाईपाशी बारीक तडा सुरू होऊ शकतो आणि कुणाला पत्ता न लागता वाढत राहतो. पुढचा बोल्ट सैल होणं, चावी कातरली जाणं हेही त्याच वाटेवरचं. शिवाय वेल्डिंगच्या आचेने उरलंसुरलं रबर जळतं आणि पुलीचा तोल बिघडतो तो वेगळाच.

उद्यमनगरकर

मग समद्याच इंजिनांना डँपर असतोय व्हय? आमच्या जुन्या ट्रॅक्टरला तर नुस्ती बिडाची पुली हाय. तीस वर्षं चाललंय.

चाकण_एनव्हीएच

प्रश्न रास्त आहे. नाही, सगळ्यांना नसतो. क्रँक आखूड आणि जाडजूड असेल, इंजिन सावकाश फिरणारं असेल, तर त्याची कंपनाची लय कामाच्या वेगाच्या पार वर राहते. तिथे एकसंध पुली कंपनीनेच दिलेली असते आणि ती बरोबर असते. काही छोट्या पेट्रोल गाड्यांतही तशीच असते. पण जिथे कारखान्याने रबर दिलंय तिथे ते हिशोब करून दिलंय, आपण काढायचं नाही. इंजिन हलकं फिरावं म्हणून हौशी मंडळी बाजारातली ॲल्युमिनियमची एकसंध पुली बसवतात, तिलाही हेच लागू.

उद्यमनगरकर

पटलं. पण मामाला सांगायचं कुणी?

मिशिगनचा_मावळा

इकडे याला हार्मोनिक बॅलन्सर म्हणतात. माझ्याकडे जुना व्ही-८ ट्रक आहे, डिस्ट्रिब्युटरवाला. त्या जमान्याच्या बऱ्याच इंजिनांत टायमिंगची खूण बाहेरच्या कड्यावरच असते. कडं रबरावर सरकलं की खूणही सरकते. मेकॅनिक बिचारा टायमिंग लाइट लावून खुणेप्रमाणे काटेकोर टायमिंग करतो, आणि इंजिन नॉक तरी करतं नाही तर ओढतच नाही. म्हणून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खरोखर वर आणून खूण जुळते का ते आधी बघायचं. काही अमेरिकन व्ही-८ मध्ये तोलाचं वजनही बॅलन्सरवरच असतं. तिथे चुकीच्या नंबरचा बॅलन्सर चपखल बसतो आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त थरथरते.

शंकेखोर

स्कॅनर लावून काही कळेल का? माझ्याकडे ब्लूटूथवालं छोटं यंत्र आहे, उसनं देईन.

तेलकट_हात

इंजिनावर अवलंबून. काहींमध्ये क्रँक सेन्सरची दातेरी रिंग पुलीवरच असते. पुली डुलली की सेन्सरला दात नीट मोजता येत नाहीत, मग पी०३०० सारखे मिसिंगचे कोड येतात किंवा गाडी चालता चालता बंद पडते. लोक इंजेक्टर तपासत बसतात. ज्यात सेन्सर फ्लायव्हीलच्या बाजूला आहे, तिथे पुली निखळून पडेपर्यंत स्कॅनर तोंड उघडणार नाही. कोड नाही म्हणून पुली चांगली, असं धरू नका.

आणि सातारी, गाडी न्यायचं विचारलं होतंत ते राहिलंच. नेऊ नका. वॉटर पंप त्या पट्ट्यावर असेल आणि पट्टा उडाला, तर कुंभार्लीच्या चढणीला इंजिन तापायला वेळ लागत नाही. टायमिंग बेल्टवाल्या गाड्यांत याहून वाईट होतं. फाटलेल्या पट्ट्याचे दोरे पुलीच्या मागून कव्हरच्या आत ओढले जातात, टायमिंग बेल्ट दात सोडतो, आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग पुलीच्या कामासाठी हेड उतरवावं लागतं.

सातारी_कंदी

अपडेट. रेघ मारली, गावात चकरा मारल्या, चाक काढून पाहिलं. हबवरचा तुकडा आणि कड्यावरचा तुकडा यांत बोटभर अंतर पडलंय! स्लो मोशनमध्ये बोल्ट अगदी स्थिर, कडं मात्र डुलतंय. खालच्या बाजूला रबराची कड बाहेर आलीय, नख लावलं तर भुगा पडतो. मागच्या कव्हरवर कडं घासून एक चकचकीत ओरखडा उमटलाय. चिपळूणला एसटीने जातोय. परत आल्यावर काम काढतो. मिस्त्रीला नेमकं काय सांगू?

तेलकट_हात

उत्तम, म्हणजे वाईटच, पण निदान झालं.

पुली चासी नंबर देऊनच मागवा. एकाच इंजिनाला मॉडेल आणि सालाप्रमाणे वेगवेगळी पुली असू शकते. व्यास, खोबण्यांची संख्या, मागची दातेरी रिंग, सगळं बघा. पुण्यात नाना पेठेत कुणाला पाठवणार असाल तर जुन्या पुलीचे दोन्ही बाजूंचे फोटो सोबत द्या. डब्यावरच्या छपाईला भुलू नका. रबराची कड सगळीकडे एकसारखी भरलेली आहे का, कडं आणि हब एका पातळीत आहेत का, हे बिल करायच्या आधी तपासा.

पुढचं ऑइल सील याच वेळी बदला. तेल तसंच गळत राहिलं तर नवं रबरही त्याच वाटेने जाणार. सीलचा ओठ हबच्या ज्या भागावर टेकतो तिथे खाच पडलीय का, बोटाने बघा. पट्टा नवीन, टेन्शनर खरखरत असेल तर तोही.

बोल्ट हा कामाचा सगळ्यात नाजूक भाग. अनेक इंजिनांत तो आधी ठराविक टॉर्कला आणि मग ठराविक अंश फिरवून आवळायचा असतो. असा बोल्ट ताणला जातो, त्यामुळे पुन्हा वापरायचा नाही. आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच. इम्पॅक्ट गनने सोडवलेला चालेल, गनने आवळलेला चालणार नाही. टॉर्क रेंच नसेल तर दुसरं गॅरेज बघा. फ्लायव्हील लॉक करायचं साधन असेल तर उत्तम. सॉकेटला टॉमी अडकवून सेल्फ मारायचा आणि बोल्ट सोडवायचा, ही युक्ती काही ठिकाणी अजून चालते. त्यात टॉमी सुटून हात मोडतो, माझ्या समोर करू देणार नाही.

पुली बाहेर काढताना तीन पायांचा पुलर बाहेरच्या कड्याला लावायचा नाही. हबला असलेल्या आट्यांत बोल्ट घालून ओढायचं. नवी पुली हातोडीने ठोकून बसवायची नाही, रबर तिथेच फाटतं.

शंकेखोर

म्हणजे बोल्ट काढा, पुली बदला, बोल्ट लावा, घरच्या घरी होण्यासारखं आहे की. पुढच्या रविवारी माझ्या जुन्या फोर्डवर हात साफ करू का?

तेलकट_हात

फोर्ड पेट्रोल असेल तर पाना खाली ठेवा! त्यांच्या काही पेट्रोल इंजिनांत क्रँकवरच्या टायमिंग गिअरला चावीच नसते. पुलीचा तोच बोल्ट गिअरला नुसत्या दाबाने धरून ठेवतो. बोल्ट सैल केला की टायमिंग मोकळं. कॅम आणि क्रँक लॉक करायची पिन-पट्टी असल्याशिवाय त्या बोल्टला हात लावायचा नाही. आणि मुळात तुमच्या गाडीला काही होतंय का?

शंकेखोर

नाही हो. रविवार मोकळा होता.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली आहे. सोसायटीतल्या काकांना लिंक पाठवली.

सातारी_कंदी

काम झालं. बोल्ट काढून हब ओढला तर कडं वेगळंच मिस्त्रीच्या दुसऱ्या हातात आलं, रबराचे तुकडे खाली पडले. चेन किट सुचवणारेही तिथेच उभे होते. त्यांनी कडं उलटसुलट करून पाहिलं आणि चहा सांगितला. पुली, सील, पट्टा, बोल्ट आणि मजुरी धरून चेन किटच्या आकड्याच्या निम्म्यातही आलं नाही. एसी पूर्ण लावून आयडलला उभी केली, आवाज नाही. बॅटरीचा दिवाही परत लागलेला नाही. तेलकट आणि चाकणवाले, चिपळूणला या कधी, मासे माझ्याकडून.

उद्यमनगरकर

मामाची पिकअप काल खड्ड्यावर घेतली. तीनातला एक टाका तडकलाय, रेघ बगितली तर कडं हललेलं न्हाई. मामा म्हणतोय पुन्हा टाका मारू. मी नवीन पुली मागवलीय, ती यायला आठवडा. चाकणवाले, आतनं क्रँकला तडा गेलाय का न्हाई ते इंजिन न खोलता कसं बघायचं?

चाकण_एनव्हीएच

न खोलता खात्रीने बघता येत नाही. क्रँकचा तडा मॅग्नेटिक पार्टिकल चाचणीने शोधतात, त्यासाठी क्रँक बाहेर काढून स्वच्छ करावा लागतो. केवळ शंकेपोटी तेवढं करू नका. पुली निघाली की क्रँकचं नाक मात्र बारकाईने बघा: चावीची खाच रुंद झालीय का, बोल्टच्या आट्या ओढल्या गेल्यात का, हब बसतो तिथे तांबूस भुकटी आहे का. ती भुकटी म्हणजे हब सैल राहून घासत होता. हे सगळं स्वच्छ निघालं आणि ऑइल काढल्यावर त्यात धातूचा चुरा नसेल, तर नवी पुली बसवा आणि चालवा. आठवडाभर पिकअप उभीच ठेवा. मामांना सांगा, टाका मारायला माणूस आला तरी त्याला फक्त चहा द्या.